लाभ, दोन, तीन

त्या राज्याच्या मध्यभागी एक कोनाडा होता आणि तो रिकामा होता. त्यात पूर्वी काय होते याबद्दल एकमत नव्हते. कोणी म्हणे मूर्ती होती, कोणी म्हणे नुसता दिवा होता, आणि सगळ्यांत वयस्क असलेले दगडी जाते म्हणे की मला आठवते तेव्हापासून तो असाच आहे. आत काही नसले तरी कोनाडा रोज सकाळी झाडला जाई. ते काम केरसुणीचे होते. तिला ते कोणी दिले हे कोणाला आठवत नव्हते, आणि म्हणूनच ते तिच्याकडून काढून घ्यावे असेही कोणाला सुचले नव्हते.

राज्य भांड्यांचे आणि मापांचे होते. धान्य येई, मोजले जाई, निवडले, दळले, शिजवले जाई. प्रत्येकाला आपले काम होते आणि कामापुरता मान होता. कारभार पाहणाऱ्या सभेला उतरंड म्हणत, कारण सभासद खरोखरच एकावर एक बसत, मोठा खाली आणि धाकटा वर, आणि वरचा डळमळला की खालच्यांना घाम फुटे. असे एकवीस सभासद होते. कोणताही ठराव व्हायचा तर त्यांतले अकरा जण पुढे यावे लागत. अध्यक्ष होते तराजूराव. दोन्ही पारडी सारखी ठेवायची त्यांना इतकी सवय झाली होती की आमटी कशी झाली आहे, हेदेखील ते घरात कधी सांगत नसत.

एके दिवशी परमुलखातून एक घड्याळ आले. ते खोक्यात होते आणि खोक्यातच टिकटिकत होते. ते सर्वांना दिसेल अशा जागी लावायला हवे होते, आणि तशी जागा राज्यात एकच होती. चाळणबाई सभेत उठल्या आणि म्हणाल्या, "कोनाडा लिंपून घ्या आणि तिथं घड्याळ टांगा. रिकाम्या भोकाचं कौतुक आणखी किती दिवस करायचं?" चाळणबाई सभेतल्या सर्वांत चौकस. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवणे हाच त्यांचा व्यवसाय. पीठ त्यांच्यातून निघून जाते आणि कोंडा तेवढा उरतो, असे त्यांच्या माघारी बोलले जाई. पण तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

काही सभासदांना हे पटले, काहींना पटले नाही. न पटलेल्यांना आपल्याला का पटत नाही ते सांगता येईना. रांजण नुसते म्हणाले, "असू द्या की. तो काय खायला मागतोय?" वाद वाढला तेव्हा तराजूरावांनी दोन्ही पारड्यांना झेपेल असा तोडगा काढला. कोनाड्याविषयी राज्यात आज किती भाव शिल्लक आहे, याचा रीतसर अभ्यास व्हावा. कणभर असेल तर लिंपून टाकावा, मणभर असेल तर राहू द्यावा. हे वाक्य सर्वांना आवडले. मग कोणीतरी आठवण करून दिली की मण म्हणजे चाळीस शेर. तेव्हा असे ठरले की अभ्यासाच्या शेवटी एक दिवस मोजणी करावी, आणि कोनाड्यापुढे थांबणारे चाळीस भरले तर तो ठेवावा. आकडा असा आला. मोठे आकडे बहुधा असेच येतात.

अभ्यासासाठी अधोलीची निवड झाली. विद्वान त्या राज्यात पायलीचे पन्नास होते, पण अधोली त्यांतली नव्हती. ती अर्ध्या पायलीचे जुन्या लाकडाचे माप, काठाला पितळी पट्टी, स्वभाव काटेकोर. मापात पाप असे तिच्याबद्दल आजवर कोणी म्हटले नव्हते. माप आतून रिकामे असेल तरच ते खरे मोजते, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि तिने ते आयुष्यभर पाळले होते. सभेपुढे साक्ष देण्याआधी प्रत्येक मापाने पालथे होऊन दाखवायचे, अशी रीत होती. अधोली पालथी झाली. आतून काही पडले नाही. तिच्या हाती विषय देण्यात आला: "सांप्रत समाजव्यवस्थेत कोनाड्याचे स्थान."

लिहिण्यासाठी तिच्याबरोबर टाक दिला. टाक नुकताच राज्यात आला होता. तो कारखान्यात जन्मलेला, डबीत आपल्यासारख्याच अकरा भावांबरोबर वाढलेला, शाईखेरीज कशातही न बुडालेला. धान्याचे खळे त्याने कधी पाहिले नव्हते. जे ऐकू येईल ते लिहायचे आणि जे ऐकू येणार नाही ते लिहायचे नाही, एवढेच त्याला शिकवले होते, आणि अधोलीला असाच लेखनिक हवा होता.

पहिल्याच सकाळी ती केरसुणीला भेटली. केरसुणी कोनाड्याखालच्या कोपऱ्यात राही. वयाने ती झिजून निम्मी झाली होती.

"मावशी, या कोनाड्यात काय आहे?" अधोलीने विचारले.

"काय बी न्हाई."

"मग तुम्ही झाडता काय?"

"त्येच झाडते की, बाई. दुसरं कायतरी येऊन बसतं ना तिथं. कोळी बसतो, धूळ बसते. परवा एक बाटलीचं बूच येऊन बसलं हुतं. हटता हटंना."

टाकाने हे जसेच्या तसे लिहून घेतले. अधोलीने समासात टीप घातली की माहिती देणारीला विषयाचे नीट आकलन नाही.

आठ महिने अभ्यास चालला. अधोली घरोघर गेली. तुम्ही कोनाड्याला मानता का, असे तिने प्रत्येकाला विचारले, आणि जवळजवळ प्रत्येकाने नाही म्हटले. पत्र्याचा डबा तर रागावला. "बाई, मी आजच्या काळाचा आहे," तो म्हणाला. "माझ्यावर छापलेलं वाचा हवं तर." पण हाच डबा कोनाड्यावरून जाताना त्याचे झाकण दरवेळी खडखडते, हे तिने स्वतः ऐकले होते. घागर म्हणाली की ती तिथे दम खायला थांबते. विहिरीपासून घरापर्यंत अख्खी वाट पडली आहे, मग दम तिथेच का लागतो, असे विचारल्यावर घागर हसली आणि म्हणाली, "लागतो बाई तिथंच. आता तुम्ही विचारलंत म्हणून माझ्या ध्यानात आलं." अधोलीने दोन रकाने पाडले. मानतो म्हणणारे तीन निघाले, आणि तिन्ही मडकी तडा गेलेली होती. थबकणारे पुष्कळ निघाले. कोणता रकाना खरा, यावर तिने पहिली तीन प्रकरणे खर्ची घातली.

सहावे प्रकरण सगळ्यांत वाखाणले गेले. कोनाड्याच्या काळचे जे शब्द अजून बोलण्यात टिकून आहेत त्यांची त्यात यादी होती. दिवा विझवला असे न म्हणता शांत केला म्हणणे, निघताना जातो न म्हणता येतो म्हणणे, असे पुष्कळ. यादीतला पहिला शब्द होता "लाभ." खळ्यावर धान्य मोजताना जुनी मापे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि मग दोन, तीन असे पुढे जातात. अधोलीने त्यावर स्वच्छ शब्दांत लिहिले होते: "पहिले माप आपले नव्हे, देणाऱ्याचे, या समजुतीचा हा अवशेष आहे. हा आकडा नव्हे, उच्चार आहे. त्याला संख्येचे मूल्य नाही." हे लिहिताना तिच्या मनात खळ्यावरची जुनी, अडाणी मापे होती.

मोजणीच्या आदल्या संध्याकाळी केरसुणीने तिला विचारले, "बाई, चाळीस न्हाई भरले तर माझं काय?"

"कोनाडा लिंपतील, मावशी. हा कोपराही लिंपतील. घड्याळाला धूळ चालत नाही."

"म्हंजे मी कुठं जायचं, त्ये तुमच्या कागदात न्हाई?"

"तो माझा विषय नाही," अधोली म्हणाली. बोलून गेल्यावर तिला ते फार लागले, पण विषय खरोखरच तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळेला अधोली कोनाड्यासमोर बसली. टाक शेजारी. ती मोठ्याने मोजणार आणि तो प्रत्येक आकड्याला एक रेघ मारणार, असे ठरले होते. पहिली आली ती घागर. आली, थांबली, दम खाल्ला, निघाली. अधोलीने मोजले. मग सूप आले, मग दोन तांबे बोलत बोलत आले आणि कोनाड्यापाशी त्यांचे बोलणे आपोआप थांबले. दुपारपर्यंत सव्वीस झाले. उन्हात कोणी फिरकले नाही. चाळणबाई दोनदा येऊन डोकावून गेल्या. त्या थांबल्या की डोकावल्या, यावर अधोलीने बराच विचार केला आणि त्यांना धरले नाही. दिवेलागणीला मोजणी संपायची होती. सूर्य भिंतीआड गेला तेव्हा एकोणचाळीस झाले होते.

वाटेवर कोणी नव्हते. केरसुणी कोपऱ्यात अंग आवळून बसली होती. अधोली वाट पाहू लागली, आणि आपण वाट पाहत आहोत हे लक्षात येताच तिला स्वतःची लाज वाटली. मोजणाऱ्याने कोणाची वाट पाहायची नसते. इतक्यात कोपऱ्यावरून पत्र्याचा डबा आला. तो घाईत होता. कोनाड्यापुढे आला, खडखडला, पुढे गेला, चार पावलांवर थांबला आणि जणू काही विसरले आहे अशा थाटात मागे येऊन क्षणभर उभा राहिला.

"चाळीस!" अधोली म्हणाली. जरा जास्तच मोठ्याने म्हणाली. तिला आनंद झाला होता, आणि आठ महिन्यांच्या कामात झालेली ही पहिली चूक आहे, असे तिला वाटले.

आठवड्याने उतरंड भरली. दाराशी लिंपणाची माती कालवून ठेवलेली होती, कारण चाळणबाई तयारीच्या होत्या. केरसुणीलाही तिचा कोपरा सोडून दाराशी बसायला सांगण्यात आले होते. तराजूरावांनी टाकाला मोजणीचा कागद वाचायला सांगितला.

"एकोणचाळीस," टाक म्हणाला.

अधोली उठून उभी राहिली. "चाळीस. मी चाळीस म्हटलं होतं. मावशींनीही ऐकलं."

"म्हणालात," टाक शांतपणे म्हणाला. त्याच्या मनात काही वाकडे नव्हते. "पण रेघा एकोणचाळीस आहेत. तुम्ही सुरुवातच दोनापासून केलीत. घागर आली तेव्हा तुम्ही म्हणालात, लाभ. मला वाटलं, एक म्हणायचा राहून गेला, आठवला की सांगाल. म्हणून मी डावीकडं एका रेघेची जागा सोडून ठेवली. पण तुम्ही सांगितलंच नाहीत."

सभेत हशा पिकला. रांजण म्हणाले, "अरे, लाभ म्हणजे एकच की रे! कुठनं आणलाय हा लेखनिक?" बरेच जण हो हो म्हणाले. प्रकरण तिथेच मिटले असते, पण चाळणबाई उठल्या. त्यांच्या हातात अहवाल होता आणि त्यात खूण घातलेली होती.

"प्रकरण सहावं," त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या. "हा आकडा नव्हे, उच्चार आहे. त्याला संख्येचे मूल्य नाही." त्यांनी अहवाल मिटला. "हे मी लिहिलेलं नाही. अधोलीबाई, तुम्हीच सांगा. लाभ हा आकडा असेल तर तुमचं सहावं प्रकरण चूक. आकडा नसेल तर तुमचे चाळीस भरत नाहीत. दोन्हींतलं कुठलं लिहून घेऊ?"

तराजूरावांना वाईट वाटले. त्यांनी एक वाट काढून दिली. "अधोलीबाई, तुम्ही त्या दिवसाची मोजणी पुन्हा करून दाखवा. घागर आली, इथपासून. फक्त एक म्हणून सुरुवात करा. मग चाळीसच होतील आणि सहावं प्रकरणही राहील. मी मान्य करतो."

वाट सोपी होती. दाराशी बसलेली केरसुणी तिच्याकडे पाहत होती. अधोलीने डोळे मिटले, घागर आठवली, आणि मोजायला तोंड उघडले.

"लाभ," ती म्हणाली.

पुन्हा हशा. तिने पुन्हा सुरुवात केली. एक हा शब्द तिला येत होता. एक घागर, एक दिवस, एक कोनाडा, असे ती सहज म्हणाली असती. पण मोजायला लागले की जिभेवर पहिल्यांदा दुसरेच येत होते, आणि आजवर केलेल्या हजारो मोजण्यांत तेच आले असणार, हे तिला त्या क्षणी कळले. खळ्यावरच्या अडाणी मापांविषयी तिने जे लिहिले होते ते तिला शब्दन्‌शब्द आठवले.

"सहावं प्रकरण बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली. "लाभ हा आकडा नाही. कोनाडा वाचावा म्हणून मी त्याला आकडा म्हणणार नाही. पण मी सुरुवातीला तुमच्यापुढं पालथी होऊन दाखवलं होतं, की मी रिकामी आहे. ते खोटं होतं. तेही लिहून घ्या."

"म्हणजे आत काही आहे?" तराजूराव घाबरून म्हणाले. "पुन्हा पालथ्या व्हा पाहू."

अधोली पालथी झाली. काही पडले नाही. चाळणबाईंनी खाली वाकून पाहिले, तरी काही नव्हते.

"नाही पडत," अधोली तशीच पालथी राहून म्हणाली. "आठ महिने मी सगळ्यांना असंच पालथं करून पाहत होते. कोणाच्यातून काही पडलं नाही, म्हणून मी लिहिलं की काही नाही."

मग ती सरळ झाली आणि दाराशी जाऊन केरसुणीशेजारी बसली. "मावशी, माझ्यानं नाही झालं," ती म्हणाली.

"असू दे," केरसुणी म्हणाली. "खरं बोललीस नव्हं?"

तराजूरावांनी पहिला ठराव सांगितला: लाभ हा आकडा नव्हे, त्याला रेघ नाही, आणि हे या सभेच्या सर्व मोजण्यांना लागू राहील. त्याला कोणी हरकत घेतली नाही. टाकाने तो लाल शाईने लिहिला. मग दुसरा ठराव आला, कोनाडा लिंपण्याचा. चाळणबाईंना तो लगेच उरकायचा होता, माती वाळत चालली होती. ज्यांना मान्य असेल त्यांनी पुढे यावे, असे सांगण्यात आले. अधोलीचे बोलणे ऐकून काहींचे मन हलले होते. पण पुढे आलेल्यांत परात होती, पातेली होती, पत्र्याचा डबाही होता, आणि सगळे एका रांगेत उभे राहिले.

तराजूरावांनी बोट पुढे केले आणि स्वच्छ, अध्यक्षाला शोभेल अशा आवाजात मोजले.

"लाभ. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ. दहा. अकरा. ठराव मंजूर."

टाकाने मान वर केली नाही. "दहा," तो म्हणाला.

कोणी हसले नाही. रांगेच्या सुरुवातीला उभ्या असलेल्या चाळणबाईंनी मागे वळून पाहिले. तराजूराव खाकरले. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "पुन्हा मोजतो." त्यांनी बोट चाळणबाईंच्या दिशेने धरले आणि या वेळी पुष्कळ सावकाश, ठरवून तोंड उघडले. त्यांच्याबरोबर सभेतल्या सगळ्यांचे काठ हलले. शब्द तोच आला.

चाळणबाई चिडल्या. "मी मोजते," त्या म्हणाल्या. त्यांनी पाठ सभेकडे केली, रांगेकडे तोंड केले, स्वतःवरच बोट ठेवले, आणि मग त्याही गप्प उभ्या राहिल्या.

दाराशी माती वाळली. खोक्यात घड्याळ टिकटिकत होते. टाकाच्या कागदावर दहा रेघा होत्या आणि त्यांच्या डावीकडे, अगदी सुरुवातीला, एका रेघेची जागा कोरी होती. सभेचे पुढे काय ठरते याची तो वाट पाहत राहिला. बऱ्याच वेळाने त्याला दिसले की त्या कोऱ्या जागेवर धूळ बसली आहे. त्याने ती हळूच झाडली.